नाव देण्याआधी घरी विचारा

रक्तदानाला आपल्या गावात आता माणसे बोलवावी लागत नाहीत. शिवजयंती असो, गणेशोत्सव असो, रांग लागते. अलीकडे अशा शिबिरात कधीकधी कोपऱ्यात आणखी एक टेबल दिसते. तेथे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, फॉर्म भरून घेतात आणि तुम्ही मूळ पेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, दाते म्हणून नोंदले जाता. पाच मिनिटांचे काम. पण हे रक्तदानासारखे नाही. येथे आज काही द्यायचे नसते, फक्त शब्द द्यायचा असतो.

मटणाची नळी चोखणाऱ्यांना अस्थिमज्जा म्हणजे काय ते सांगायला नको. तिलाच बोन मॅरो म्हणतात. रक्तातील सगळ्या पेशी तेथे तयार होतात. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडतो, आणि काही रोग्यांना दुसऱ्याच्या मूळ पेशी दिल्याशिवाय बरे होण्याचा मार्ग उरत नाही.

त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही. जुळावी लागते ती पेशींवरची एचएलए नावाची खूण. ती निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येते. म्हणून आईवडील सहसा अर्धेच जुळतात आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. दोन मुलांच्या घरात हे गणित तोकडे पडते. हल्ली अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण करतात; तरी पूर्ण जुळणारे भावंड असेल तर पहिला विचार त्याचाच होतो. ते नसेल तर परक्यांत शोध. तेथे जुळणी दहा हजारांत एक, कधी काही लाखांत एक. ही खूण वंशाने येते, त्यामुळे भारतीय रोग्याला जुळणारा माणूस भारतीयांतच सापडण्याचा संभव अधिक. जगात चार कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत, पण आपल्या देशातली नोंद काही लाखांच्याच घरात आहे.

एवढ्या खटपटीने जुळणी सापडते आणि दाता नाही म्हणतो. फोन येतो तेव्हा शिबिराला दोन-तीन वर्षे उलटलेली असतात, मुलगा विसरून गेलेला असतो. आई रडू लागते, वडील म्हणतात, "नसते उद्योग सांगितले कोणी?" 'पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस अधू होतो' हे मी दवाखान्यात शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकले आहे. कण्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून मूळ पेशी तेवढ्या वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त परत सोडतात. चार-पाच तास लागतात. त्या दिवसांत अंग ठणकते, डोके दुखते, नंतर थांबते. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा घेतात. तेथे काही दिवस दुखते, घेतलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही, भूल म्हटली की थोडा आलाच. म्हणून दात्याची आधी पूर्ण तपासणी करतात.

पहिल्याच फोनला नकार दिला तर निदान दुसरा दाता शोधायला सवड मिळते. पण प्रत्यारोपणापूर्वी काही दिवस रोग्याला जालीम औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर दाता फिरला तर रोगी बहुधा वाचत नाही. कोणावर सक्ती करता येत नाही आणि करूही नये. म्हणूनच माझे म्हणणे, मित्राने ओढले म्हणून किंवा फोटोसाठी नाव देऊ नका. असे नाव यादीत नसलेले बरे.

घरातल्या घरात प्रश्न आणखी अवघड होतो. मुलाला आजार, बहिणीची खूण तंतोतंत जुळते आणि आजी म्हणते, "पोरीचं लग्न व्हायचंय." लग्न झालेले असेल तर सासरचे आडवे येतात. भाऊ जुळला असता तर हा प्रश्न निघाला नसता. मज्जा दिल्याने पुढे मूल होण्यास अडचण येत नाही. सुईच्या खुणा बारीक असतात. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केले, तेव्हा भावाचीच मज्जा बहिणीला दिली होती. बहिणीने भावाला द्यायची वेळ आली की आपण का अडखळतो? मात्र त्या मुलीला काय वाटते ते तिला एकटीला बसवून विचारावे, दहा नातेवाइकांसमोर नव्हे. तिला खरोखर नको असेल तर तेही ऐकून घ्यावे. हे काम फॅमिली डॉक्टरने करावे असे मला वाटते.

ज्यांना नोंदणी करायची आहे त्यांच्यासाठी चेन्नईची दात्री, बंगळुरूची डीकेएमएस अशा संस्था आहेत. वय साधारण १८ ते ५० आणि प्रकृती निरोगी हवी. तरुण दात्याला पसंती मिळते. मज्जा दिल्याचे पैसे मिळत नाहीत, आणि दात्याला रुग्णालयाचा खर्चही करावा लागत नाही. फॉर्मवर घरच्या आणखी एका माणसाचा फोन नंबर जरूर लिहा. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलात, मोबाइलचा नंबर बदललात, तर तेही संस्थेला कळवा.