पाटीवरचे घोडे

अमेरिकेत बास मासा पकडण्यासाठी होडी घ्यायला गेलेला माणूस खरा अडतो तो इंजिनापाशी. होडी पसंत पडलेली असते, रंग ठरलेला असतो, आणि विक्रेता विचारतो, मागे ७५ हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड लावू की ११५ चे? इथे दोन पंथ आहेत. एक सांगतो, लहान घ्या, पेट्रोल वाचेल आणि जीवही वाचेल. दुसरा सांगतो, पाटीवर जेवढे घोडे लिहिलेत तेवढे सगळे घ्या, एकही सोडू नका. दोघेही छातीठोक बोलतात. दोघांच्याही डोळ्यांपुढे असते ती दुकानात ट्रेलरवर उभी असलेली रिकामी होडी, आणि चूक तिथेच होते.

आधी ही पाटी काय ते पाहू. १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर २० फुटांपेक्षा लहान होड्यांवर क्षमतेची पाटी आली. आउटबोर्डची हद्द काढण्याचे तटरक्षक दलाचे सूत्र अगदी शाळकरी आहे. होडीची लांबी आणि इंजिन टांगायच्या मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजून गुणायची. होडी स्टिअरिंगच्या चाकाने वळत असेल आणि फळी किमान २० इंच उंच असेल, तर त्या गुणाकाराची दुप्पट करून ९० वजा करायचे. १७ फूट लांब होडी, ६ फूट फळी: गुणाकार १०२, दुप्पट २०४, वजा ९० म्हणजे ११४. पाचाच्या पटीत वर नेले की ११५. झाली हद्द! त्या होडीतून कोण जाणार, कुठे जाणार, बरोबर काय नेणार, याच्याशी या गणिताला देणेघेणे नाही. माणसांच्या आणि वजनाच्या ओळी पाटीवर वेगळ्या असतात. म्हणजे यापुढे जाऊ नका एवढेच पाटी सांगते. इथपर्यंत या, असे ती म्हणत नाही.

आता पहिल्या पंथाकडे वळू. लहान इंजिन कमी पिते, हा त्यांचा हुकमी मुद्दा. पूर्ण थ्रॉटलला तो खरा आहे. पेट्रोल आउटबोर्ड ताशी ढोबळमानाने हॉर्सपॉवरच्या दहाव्या हिश्शाएवढे गॅलन जाळते, हा तिथला जुना अंदाज. पण मासेमारी करणारा सारखा पूर्ण थ्रॉटलवर नसतो. समजा एखाद्या होडीला ताशी ३० मैल जायला ६० हॉर्सपॉवर लागते. मागे ७५ चे इंजिन असो की ११५ चे, पाणी तेवढीच शक्ती मागणार. ७५ चे इंजिन त्यासाठी जवळजवळ जीव तोडून धावते, ११५ चे निम्म्याच जोरावर आरामात. त्यातही आजची इंजेक्शनची इंजिने जोर टोकाला गेला की मिश्रणात पेट्रोल वाढवतात. सारख्या वेगाला लहान इंजिन बचत करतेच असे नाही, कधी कधी उलटेही होते.

लहान इंजिन हलके असते, हे म्हणणे तर याहून फसवे. मर्क्युरीची ७५, ९० आणि ११५ ही तिन्ही फोरस्ट्रोक मॉडेले २.१ लिटरच्या एकाच चार सिलिंडरी ठोकळ्यावर उभी आहेत. सर्वांत हलक्या आवृत्तीत पहिल्या दोघांचे वजन सुमारे १६३ किलो, तिसऱ्याचे १६५. म्हणजे ४० घोडे सोडून मिळाले काय, तर दोन किलो! एवढे वजन तर जेवणाच्या डब्याचे आणि पाण्याच्या बाटलीचे होते.

खरे वजन भरते ते होडी पाण्यात गेल्यावर. मासे जिवंत ठेवायची ३० गॅलनची टाकी भरली की ११३ किलो नुसते पाणी. ४० गॅलन पेट्रोल, आणखी ११० किलो. शिवाय पुढच्या ट्रोलिंग मोटरच्या बॅटऱ्या, अँकर, गळांच्या पेट्या आणि दोन धडधाकट माणसे. रिकामी असताना झटकन पाण्यावर उठणारी होडी आता नाक वर करून पाणी ढकलत राहते. आपल्याकडे खंबाटकीचा चढ चढताना ऊस भरलेला ट्रॅक्टर जे करतो, तेच. आणि ते नाक वर असते तोवर चालकाला समोरचे दिसत नाही. लहान इंजिन सुरक्षित, हा दावा इथे लंगडा पडतो: समोरून येणारी होडी किंवा तरंगता ओंडका न दिसण्याचा काळ त्यानेच लांबवलेला असतो. वेगाचा धोका खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा इलाज चालकाच्या हातात आणि कमरेला आहे. २६ फुटांखालच्या होड्या वेगात असताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणे १ एप्रिल २०२१ पासून संघीय कायद्याने बंधनकारक आहे.

म्हणजे दुसरा पंथ जिंकला? नाही.

सगळे घोडे हवेत या हट्टामागे स्पर्धांची हवा आहे. रे स्कॉटने जून १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर १०६ जणांची स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वूडने रेंजर होड्या बांधायला सुरुवात केली, आणि मासा जिथे आहे तिथे दुसऱ्याच्या आधी पोहोचणे हा खेळाचा भाग झाला. आज वरच्या स्पर्धांत २५० ची कमाल मर्यादा असते आणि बहुतेकांच्या होडीमागे तेवढेच इंजिन दिसते. टीव्हीवर ते पाहून शनिवारी तळ्यावर जाणाऱ्यालाही वाटते, आपल्याला हवेच.

इथे जॉर्ज क्राउच या नौकारचनाकाराचे जुने सूत्र उपयोगी पडते. पाण्यावर उठून धावणाऱ्या होडीचा वेग साधारण शक्तीच्या वर्गमुळाने वाढतो. ७५ वरून ११५ वर गेलात की वेग सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, भरल्या होडीला उठायला दम मिळतो, फरक पाठीला जाणवतो. २२५ वरून २५० वर मात्र जेमतेम साडेपाच टक्के. ताशी ६५ मैलांचे साडेअडुसष्ट होतात. २५ मैलांच्या जागी पोहोचताना वाचते सव्वा मिनिटाहूनही कमी. बक्षिसाच्या रकमेवर डोळा असणाऱ्याला ते मिनिट परवडते. पहिली गळाची गाठ बांधण्यातच ज्याचा याहून जास्त वेळ जातो, त्याने हे पैसे कशाला घालावेत?

पाटी ओलांडून जादा घोडे लावणाऱ्यांचा तर विचारच नको. संघीय नियम होडी बांधणाऱ्याला बांधतो, पण अनेक राज्यांत मालकालाही ते बेकायदा आहे.

आणि तळे कोणते, तेही पाहावे लागते. पेन्सिल्व्हेनियातल्या मोरेन स्टेट पार्कमधल्या लेक आर्थरवर मोटरला २० हॉर्सपॉवरची मर्यादा आहे. तळे ३,२०० एकरांहून मोठे, बास भरपूर, आणि २५० चा मालक काठावर.

तेव्हा साध्या मासेमाराने १७-१८ फुटांच्या होडीला पाटीच्या वरच्या टोकाजवळचे इंजिन घ्यावे, मोठ्या होडीला शेवटच्या पंचवीस घोड्यांचा मोह सोडला तरी चालेल. आकडा मात्र दुकानात ठरवू नये. टाक्या भरून, जोडीदाराला बसवून, पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि आरपीएमचा काटा पाहावा. मर्क्युरीच्या साध्या ११५ ला तो ५,००० ते ६,००० च्या दरम्यान यायला हवा. ४,७०० वर अडला तर आधी पंखा बदलून मागावा: पिच इंचाने कमी केला की काटा दीड-दोनशेने वर सरकतो. दोन पंखे बदलूनही तो पाच हजारांखालीच राहिला, तर पावतीवर सही करायची घाई करू नये.