धबधब्याला कुठला रोप?

जून उजाडला की धबधब्यातल्या रॅपलिंगच्या जाहिराती मोबाइलवर यायला लागतात. गाडी कुठून सुटणार, नाश्त्याला मिसळ की पोहे, फोटो कोण काढणार, सगळं त्यात असतं. रोप कुठला, एवढंच नसतं. फोन करून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही काळजी करू नका सर, दोन हजार किलोचा आहे."

आकडा खोटा नाही. ईएन १८९१ या युरोपीय मानकानुसार 'ए' प्रकारच्या स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या रोपाने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या आसपास भार सोसावा लागतो. उतरणारा कितीही उड्या मारत आला तरी या आकड्याच्या जवळपासही जात नाही. चांगला रोप वजनाने तुटत नाही. तो धारेवर कापला जातो, घासून झिजतो, नाहीतर तापून वितळतो. तेव्हा किलो विचारून फारसं काही कळत नाही. कातळ कसला, पाणी किती आणि रोप त्या जागेसाठी घेतलाय का, हे विचारायला हवं.

आपल्याकडच्या कित्येक ग्रुपकडे मुळात चढाईसाठी घेतलेला डायनॅमिक रोप असतो आणि तोच रॅपलिंगलाही लावला जातो. पडणाऱ्याचा झटका शोषावा म्हणून तो ताणला जातो, चढाईत ते हवंच असतं. पण चाळीस मीटरच्या कड्यावर माणूस लटकला की हा रोप तीनेक मीटर सहज लांबतो. उतरणारा खालीवर झुलतो आणि प्रत्येक झोक्याला रोप वरच्या कातळाच्या कडेवर करवतीसारखा पुढेमागे होतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट पाण्याखाली गुळगुळीत दिसतो, पण बाजूला ताजी चीर फुटलेली असेल तर तिची धार बोटालाही जाणवते. रॅपलिंगला स्टॅटिक रोपच हवा, यात मला तडजोड दिसत नाही.

आता रोपाच्या गाभ्यावरचं आवरण. नायलॉन पाणी पितो; भिजला की जड होतो, ताकदही दहा-पंधरा टक्के उतरते. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी घेत नाही आणि ओला असतानाही घासणीला टिकतो. अमेरिकेत युटामधल्या अरुंद वालुकाश्मी घळी उतरणारे म्हणूनच पॉलिएस्टरच्या किंवा त्याहून चिवट टेक्नोराच्या आवरणाचा रोप पसंत करतात. तिथला वैरी पाण्यापेक्षा वाळू. वाहत्या पाण्याच्या युरोपीय घळींत तरंगणारा रोप लोकप्रिय आहे. त्याच्या गाभ्यात पॉलिप्रॉपिलीन असतं. ते पाण्याहून हलकं, त्यामुळे रोप डोहाच्या तळाशी जाऊन दगडांत अडकत नाही. आपल्या पावसाळी धबधब्यांना पॉलिएस्टर आवरणाचा, भडक रंगाचा रोप मला सर्वांत योग्य वाटतो. भडक अशासाठी, की पांढऱ्या फेसात पांढरा रोप शोधत बसणं हा काही साहसी खेळ नव्हे.

पॉलिप्रॉपिलीनचं नाव ऐकून कुणी हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा दोर आणू नये. टेम्पोवरचा माल बांधायला तो उत्तम. पण पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि वेगाने उतरताना, रोप ज्यातून सरकतो ते धातूचं फिगर ऑफ एट चांगलंच तापतं. रॅपलिंगच्या रोपात ते आत गाभ्यात असतं, घासणी सोसणारं आवरण वेगळ्या धाग्याचं.

जाडीबद्दल थोडक्यात. आठ-नऊ मिलिमीटरचा रोप पाठीवर हलका, पण ओल्या हातातून सुळकन पळतो. तो मुरलेल्या चार-पाच जणांनी वापरावा. पहिल्यांदाच कड्यावरून पाय सोडणाऱ्या पन्नास पर्यटकांसाठी दहा ते अकरा मिलिमीटरचा हवा, आणि बिलेसाठी, म्हणजे उतरणाऱ्याला सांभाळून धरायला, दुसरा रोप वेगळा.

लांबी हा मात्र रेंगाळण्याजोगा विषय आहे. नवा रोप भिजून सुकला की आटतो, साठ मीटरमागे दोन-तीन मीटर सहज जातात. म्हणून आधी भिजवावा, सुकवावा, मग मोजावा. आणि शेवटची गाठ? डिसेंबरात सांदण दरीतल्या कोरड्या टप्प्यावर रोपाच्या टोकाला गाठ हवीच, नाहीतर टोक हातातून निसटून माणूस खाली जायचा. जुलैतल्या धबधब्याखाली खोल डोह असेल तर तीच गाठ घात करते. उतरणारा गाठीशी येऊन अडकतो, डोक्यावर पाण्याचा मारा, अंगाचा भार रोपावर, त्यामुळे फिगर ऑफ एट सुटत नाही. जाणकार तिथे गाठ मारत नाहीत. टोक पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच रोप सोडतात, म्हणजे माणूस टोकावरून सुटून पोहत बाहेर येतो. वर अँकरशी रोप असा बांधतात की भार असतानाही ढिला करून अडकलेल्याला खाली सोडता येईल. पोहता न येणाऱ्याला अशा जागी न्यायचंच नाही, हे ओघाने आलं. आयोजकाला या गाठीबद्दल एकदा विचारून पाहा. उत्तर द्यायला तो किती घुटमळतो यावरून बरंच कळतं.

रोप हातात घेऊनही पाहता येतो. चिमटीत धरून त्याचा छोटा वळसा करा. गाभा शाबूत असेल तर वळसा गोल राहतो. एखाद्या जागी तो चपटा पडून घडी झाली, तर आत काहीतरी गेलंय. आवरण धड दिसत असलं तरी तेवढा भाग कापून टाकायचा.

बहुतेक उत्पादक न वापरलेल्या नायलॉनच्या रोपालाही दहाएक वर्षांची मर्यादा घालतात. दर शनिवार-रविवारी शंभर माणसं उतरवणारा रोप त्याच्या कितीतरी आधी संपतो. तो संपला की आपल्याकडे नव्या ग्रुपला निम्म्या किमतीत दिला जातो. माझं म्हणणं, बाद रोपाचे दोन-दोन मीटरचे तुकडे करावेत. गाठी शिकवायला ते उपयोगी पडतात आणि पुन्हा कुणाला कड्यावर लावता येत नाहीत.

– भटक्या