आखाताची कमाई लपवायची कशाला?

नदीनाका ओलांडून शेलारकडे वळले की मागांचा खडखडाट कानी पडू लागतो. या खडखडाटात किती रियाल आणि किती दिरहम मिसळले आहेत याचा हिशोब कोणी मांडलेला नाही. परंतु कोणत्याही कारखान्यात चहाला बसा आणि विचारा, पहिले चार माग कोणाच्या पैशाने बसले? भाऊ सौदीला होता, मामू कुवेतला होते, अब्बांनी बारा वर्षे दुबईत ड्रायव्हरी केली, अशीच उत्तरे मिळतील. हा पैसा उन्हातान्हात गाळलेल्या घामाचा आहे. तरीही आमचा कारखानदार त्याविषयी बोलताना आवाज खाली आणतो, जणू काही चोरीचा माल सांगतो आहे. माझे स्पष्ट मत आहे की आमचे नुकसान कराने फारसे झालेले नाही, या दबक्या आवाजानेच जास्त झाले आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आयकर खात्याने एक मोहीम काढली. परदेशात खाते किंवा मिळकत असल्याची माहिती ज्यांच्याबाबत मिळाली होती आणि ज्यांनी ती विवरणपत्रात दाखवली नव्हती, अशांना मोबाईलवर व ई-मेलने सूचना गेल्या. आमच्या ओळखीतल्या एका कारखानदाराने हा संदेश फसवणुकीचा समजून पुसून टाकला. आखातातल्या बँकेत त्याचे एक जुने खाते होते, शिल्लक मामुली. "इतक्या लांबचे यांना काय कळते?" हा त्याचा प्रश्न. अहो, कळते! २०१४ साली अनेक देशांनी मिळून खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देण्याची रीत ठरवली. भारत २०१७ पासून त्यात आहे, अमिराती आणि सौदी अरेबिया २०१८ पासून. खातेदार भारताचा रहिवासी म्हणून नोंदलेला असेल तर तिथली बँक नाव, शिल्लक आणि मिळालेले व्याज आपल्या सरकारला कळवते. त्यात कोणी चुगली करण्याची गरजच उरलेली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नागरिकत्व किंवा व्हिसा बघून कर ठरत नाही, आर्थिक वर्षात भारतात काढलेल्या दिवसांवरून ठरतो. १८२ दिवस वा अधिक इथे राहिलात तर रहिवासी. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस त्याहून कमी दिवस सुट्टीवर येत असेल तर अनिवासी, आणि अनिवाशाच्या तिथल्या पगारावर इथे एक पैसाही कर नाही. २०२० च्या अर्थसंकल्पानंतर आखातातल्या नोकरदारांवर कर बसणार अशी आवई उठली होती, तेव्हा २ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला की असे काही नाही. मात्र ज्यांचे भारतातले उत्पन्न, उदाहरणार्थ गोदामाचे भाडे, १५ लाखांवर जाते त्यांना सुट्टीचे दिवस मोजताना १८२ ऐवजी १२० चा हिशोब ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, दिवस मोजण्याची रीत तीच राहिली.

खरी गफलत होते ती जाण्याच्या आणि परतण्याच्या वर्षी. एखादा मुलगा डिसेंबरमध्ये विमानात बसतो. एप्रिल ते डिसेंबर तो इथेच होता, म्हणजे त्या वर्षापुरता रहिवासी. जानेवारी ते मार्चचा रियालमधला पगार साधारणपणे त्याच्या इथल्या उत्पन्नात धरला जातो. घरी हे कोणाच्या गावीही नसते. तोच मुलगा सप्टेंबरच्या मध्याला गेला असता तर हा प्रश्नच आला नसता.

परतण्याचे उलट आहे. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे जो अनिवासी होता, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात नव्हता, त्याला कायदा परतल्यावर काही काळ 'सामान्यतः रहिवासी नसलेला' मानतो. ही सवलत बहुधा दोन वर्षे, कधी तीन वर्षे मिळते. या काळात तिथल्या बँकेचे व्याज, तिथल्या खोलीचे भाडे इथे करपात्र नाही, विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. फक्त तिथला धंदा इथून चालवलेला नसावा. पंधरा वर्षे वाळवंटात काढून आलेल्या माणसासाठी ही सवलत मोठी आहे. तिथली खाती निस्तरायला, पैसा बँकेमार्फत आणायला याहून चांगला काळ नाही. आमचे लोक हीच दोन वर्षे लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये घालवतात. एन.आर.ई. खाते मात्र परतताच साध्या खात्यात बदलून घ्यावे. करमाफी परदेशात राहणाऱ्यासाठी आहे, कायमचे परत आल्यावर ते व्याज करपात्र होते.

सवलत संपली की सगळ्या जगातले उत्पन्न सांगावे लागते आणि तिथले खाते, शिल्लक कितीही असो, तक्त्यात दाखवावे लागते. इथे आमचे मागवाले आणखी एका ठिकाणी अडखळतात. अंदाजे नफा दाखवून आय.टी.आर.-४ भरण्याची सवय झालेली असते. परदेशी खाते असणाऱ्याला तो फॉर्म चालत नाही. तिथे पैसे ठेवणे मुळीच गुन्हा नाही. बाहेर राहत असताना कमावलेली मिळकत परतल्यावरही बाळगण्याची मुभा १९९९ च्या परकीय चलन कायद्याने दिली आहे. गुन्हा न सांगण्यात आहे. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये ठेवला गेला. गवंड्याचे खाते आणि हिरे व्यापाऱ्याचे खाते एकाच तागडीत, हा कुठला न्याय? बँक खात्यांपुरती ५ लाखांची सूट होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून वगळले, हे उशिरा का होईना शहाणपणाचे झाले. परंतु हा तक्ता मराठीत आणि उर्दूत समजावून देणारी खिडकी भिवंडीसारख्या गावात का असू नये, हे सरकारला विचारलेच पाहिजे.

राहिला घरी पाठवलेला पैसा. सख्ख्या भावाने भावाला, मुलाने बापाला, चाचांनी पुतण्याला दिलेल्या बक्षिसावर कर नाही, रक्कम कितीही असो. पण पुतण्याने चाचाला पाठवले तर? कायद्याच्या 'नातेवाईक' यादीत चाचासाठी पुतण्या बसत नाही, आणि चुलतभाऊ तर कोणासाठीच बसत नाही. वर्षात अशी रक्कम ५० हजारांवर गेली की सगळीच करपात्र. एका चुलीवर वाढलेल्या आमच्या घरांना हा फरक पटणार नाही, पण कागद चुलीकडे बघत नाही. अशा वेळी बिनव्याजी उसने म्हणून घ्यावे, लिहून घ्यावे, बँकेतून घ्यावे आणि परत करावे. रोखीने २० हजार किंवा त्यावर उसने घेणे मुळातच बेकायदा आहे. हुंडीने आलेल्या पैशाला तर बापच नसतो. माग कोठून आणले याचा पुरावा नसलेल्या रकमेवर २०१६ च्या दुरुस्तीने अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के कर बसवला होता. दहा लाखांच्या मागांवर पावणेआठ लाखांहून अधिक! हलालाची कमाई, आणि सरकारी कागदावर तीच बेनामी ठरते.

तो संदेश पुसणारा कारखानदार अखेर सी.ए.कडे गेला. पहिली मागणी आली ती जुन्या पासपोर्टांची, येण्या-जाण्याचे शिक्के बघायला. दोन ट्रंकेत सापडले. तिसरा, त्याच्या शेवटच्या सहा वर्षांचा, मुदत संपली म्हणून घर रंगवताना रद्दीत गेला होता.