उसाच्या फडातील मुले

ऊसतोडीचा हंगाम लागला म्हणजे बीडकडील टोळ्या आपल्या सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी येतात. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. बरोबरच्या मुलाची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. पहाटेच्या थंडीत जोडपे फडावर जाते. तान्हे मूल बांधावर पाचटात निजते, नाही तर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. विंचूकाट्याचे व गाडीच्या चाकाचे भय असतेच. शिवाय त्या बहिणीची शाळा बुडते.

अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. परंतु त्या दिवसा ठराविक वेळच उघड्या असतात, आणि वाहन भरण्याचे बोलावणे तर रात्रीही येते. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा धडा १९४५ पासून बोर्डीस कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी घालून दिला. तोच येथे गिरवावा. टोळीच्या अड्ड्यावरच पाळणाघर असावे, ते तोडीच्या वेळेप्रमाणे चालावे, व टोळीतील एखादी वडीलधारी बाई तेथे पगारावर नेमावी.

खर्च आईबापांवर टाकल्यास ते मूल फडातच नेतील. दहा लक्ष टन गाळपाच्या कारखान्यात टनामागे एक रुपया काढला, तरी दहा लक्ष रुपये जमतात. त्यातील निम्मा भाग कारखान्याने द्यावा, निम्मा बागाइतदारांनी. तोड वेळेवर मिळावी म्हणून मुकादमाच्या विनवण्या करणाऱ्या आपणांस टनामागे पन्नास पैसे जड नाहीत. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा ठराव अवश्य मांडावा, अशी नम्र विनंती आहे.