१२५ सीसी तेच, मग नियम बदलला की कार्ट वेगळी का पळते?

मॉलमधली गो-कार्ट जरा विसरा. रेसिंग कार्टचं इंजिन असतं १२५ सीसीचं, टू-स्ट्रोक. आकडा ऐकून कम्यूटर बाइक आठवते ना? पण एफआयएच्या 'ओके' वर्गात हेच इंजिन मिनिटाला १६,००० फेरे मारतं. यामाहा आरएक्स १००ची कमाल ताकद ७,५०० फेऱ्यांना मिळायची, यावरून अंदाज घ्या.

गंमत म्हणजे १६,००० ही इंजिनाची नाही, नियमाची मर्यादा आहे. तिथे पोहोचलं की इग्निशनच स्पार्क तोडतं. त्याआधीची १०० सीसी इंजिनं २०,०००च्या आसपास जायची. वेग भन्नाट, पण इंजिन सारखं उघडावं लागायचं आणि खर्च घरच्यांच्या खिशातून. म्हणून २००७ मध्ये 'केएफ' इंजिन आलं: १२५ सीसी, क्लच, बटन स्टार्ट. सोय झाली, पण बॅटरी, वायरिंग आणि क्लचचं वजनही आलं. २०१६ मध्ये 'ओके'ने हे सगळं काढून टाकलं. आता धक्का मारून चालू करायचं. कार्ट हलकी झाली, वळणातून लवकर सुटू लागली. मात्र गिरकी खाऊन इंजिन बंद पडलं तर बटन नाही, बहुतेक वेळा रेस तिथेच संपते.

फेऱ्यांच्या मर्यादेचा परिणाम मात्र नुसता टॉप स्पीडवर होत नाही. हिशोब करून बघू. पुढचं स्प्रॉकेट ११ दात्यांचं, मागचं ८० दात्यांचं, मागच्या टायरचा घेर साधारण ८६ सेंटीमीटर. १६,००० फेऱ्यांना वेग येतो ताशी ११३ किमीच्या आसपास. ज्युनियर वर्गात मर्यादा १४,०००. तेच स्प्रॉकेट ठेवले तर कार्ट ९९ वरच अडकते. पुन्हा ११३ हवे असतील तर मागे ७० दात्यांचं स्प्रॉकेट लावा. पण मग चाकाला मिळणारा जोर आठव्या हिश्श्याने घटतो. म्हणजे सरळ रस्त्यावर कमावलेलं वळणातून निघताना गमावलं! त्यात ज्युनियरला पॉवर व्हॉल्व्हही नसतो, त्यामुळे कमी फेऱ्यांना इंजिन आणखी सुस्त. अशा कार्टमध्ये वळणात वेग टिकवणारा पोरगा पुढे जातो, उशिरा ब्रेक मारून हिरोगिरी करणारा नाही. माझ्या मते शिकायला हेच बरं.

एफआयएचा नवा 'ओके-एन' वर्गही त्याच वाटेने जातो. राष्ट्रीय स्पर्धांसाठी सोपं इंजिन, पॉवर व्हॉल्व्ह नाही, खर्च कमी.

आपल्याकडे चित्र वेगळं. भारतात वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धा रोटॅक्स मॅक्स इंजिनावर झाल्या. कोल्हापूरच्या मोहितेंच्या ट्रॅकवरही त्याच्या फेऱ्या झाल्या आहेत. इथे इंजिन सीलबंद असतं, आत हात घालायचा नाही. कागदावर सगळे सारखे. तरी कार्ब्युरेटरचं जेटिंग, गिअरिंग आणि टायरमधली हवा यात फरक पडतोच.

खरा फटका बसतो तो इंजिन विकत घेणाऱ्याला. वर्ग बंद झाला की लाखांचं इंजिन फक्त सरावापुरतं उरतं. सेकंडहँड घेताना म्हणूनच आधी दोन गोष्टी बघा: तुमच्या स्पर्धेच्या यंदाच्या नियमात ते मॉडेल बसतं का, आणि रोटॅक्स असेल तर सीलचा नंबर कागदपत्रांशी जुळतो का. पॉलिश केलेला सिलिंडर नंतर बघा.