स्टेशनाजवळची जमीन आधी घ्या

प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतून बांधलेल्या घरामागे केंद्राने दीड लाख आणि राज्याने एक लाख रुपये दिले. घर स्टेशनाला लागून असो की शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे, रक्कम तीच. अडीच लाखांत स्टेशनाजवळ जमिनीचा कोपराही येत नाही, म्हणून जमीन स्वस्त तिथे घरे उभी राहिली. कल्याणजवळच्या खोणी आणि शिरढोणमधली म्हाडाची घरे सोडतीत जाईनात, म्हणून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणत विकायला काढावी लागली. मुंबईच्या परिसरात घरांची इतकी टंचाई असताना घरे पडून राहतात, कारण पहाटे निघून रात्री परतायला लावणारे घर स्वस्त असले तरी गरिबाला परवडत नाही. म्हणून सरकारने गाठीचा पैसा आधी स्टेशनालगतच्या जमिनीत घालावा आणि तोही गाडी धावण्यापूर्वी.

हे आपल्याकडे अर्धेमुर्धे झालेले आहे. नवी मुंबईच्या रेल्वेचा 67 टक्के खर्च सिडकोने उचलला, रेल्वेने 33 टक्के. जमीन सिडकोच्याच हाती असल्याने रुळांमुळे चढलेला भाव सार्वजनिक तिजोरीत परत आला. मेट्रोच्या बाबतीत मात्र वाढलेल्या भावाचा मोठा वाटा स्टेशनाभोवतीच्या जमीनमालकांकडे जातो आणि खर्च सगळ्यांवर पडतो. मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घरखरेदीवर मेट्रोसाठी 1 टक्का अधिभार आहे. शहराच्या टोकाला वन रूम किचन घेणाराही तो भरतो. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून 500 मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत बांधकामाचे प्रमाण) दिला की घरे आपोआप स्वस्त होतील, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. एफएसआय वाढला की जमीनमालक त्याच हिशेबाने भाव चढवतो, आणि लहान घरांची सक्ती नसेल तर बिल्डर मोठे फ्लॅट आणि पार्किंगच बांधणार.

तेवढ्याच पैशात लांब जास्त घरे होतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्या हिशेबात वीस-तीस वर्षांचे प्रवासभाडे आणि रोजचे तास धरलेले नसतात. शिवाय सुरुवातीला सगळी जमीन विकत घ्यायची गरज नाही. एसटीची आगारे आणि महापालिकांचे भूखंड सरकारी मालकीचेच आहेत. नुसती सरकारी मालकी पुरत नाही, हेही खरे. सिडकोने 2025 च्या सुरुवातीला स्टेशनांजवळच्या घरांच्या किमती जाहीर केल्या, तेव्हा त्या आवाक्याबाहेरच्या असल्याची ओरड झाली. महामंडळाने जमिनीची किंमत घरातूनच वसूल करायची म्हटले की असेच होणार. ती किंमत राज्याने भरायची, आणि नव्या गृहनिर्माण धोरणातला 20,000 कोटींचा महाआवास निधी त्यासाठी आहे असे मी मानतो. लाभार्थी घर विकून मोकळा होतो, ही भीती असेल तर जमीन भाडेपट्ट्याने द्यावी आणि काही घरे भाड्यानेच ठेवावीत.

पुण्यातल्या रामवाडी ते वाघोली मेट्रोला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली. तिथली जमीन गाडी धावण्याआधीच घ्यायला हवी.