इयत्तेबाहेरचा अभ्यास

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात शिरड शहापूर नावाचे गाव आहे. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे ते दूरदूरच्या श्रावकांना ठाऊक आहे; इतरांच्या लेखी ते हळदीच्या मुलखातले एक गाव. याच तालुक्यात दुधाळा गावच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी सूक्ष्म असा फरक टिपणारी यंत्रणा! कोट्यवधी वर्षांपूर्वी कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेला तरंग औंढ्याच्या माळावर नोंदला जाणार आहे.

अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि तो वाटतोही. परंतु अभिमानाचा पहिला भर ओसरला की एक प्रश्न उभा राहतो. या वेधशाळेच्या कुंपणाच्या आत शिरड शहापूरचा मुलगा कोणत्या नात्याने पाऊल टाकणार? पहारेकरी म्हणून, बागेला पाणी घालणारा म्हणून, की तंत्रज्ञ आणि संशोधक म्हणून? कोणतेही काम हलके नाही, हे मान्य. तथापि पंचक्रोशीतल्या मुलांच्या वाट्याला पहिलीच दोन कामे आली, तर तो दोष दिल्लीचा खचितच नसेल.

यावर ‘गावात चांगली शाळा नाही, शिकवणी नाही, शहरासारख्या सोयी नाहीत’ हे उत्तर ठरलेले आहे. ते खोटे नाही; पण ते अपुरे आहे, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्याच्या मातीत सापडतो.

१५ जुलै १९३२ रोजी आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे नरहर कुरुंदकरांचा जन्म झाला. घराण्याचे नाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यावरून आलेले. तो काळ निजामी राजवटीचा. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला आपल्या भाषेतून उच्च शिक्षण घेण्याची वाटच नव्हती. कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादला मामांकडे राहिले. हे मामा म्हणजे मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास करणारे डॉ. नारायणराव नांदापूरकर. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती आणि मुलाला वाचनाचे वेड लागले. हे वेड असे की, क्रमिक पुस्तके तेवढी मागे पडली. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले, तेही एकदा नव्हे.

आजच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात अशा मुलाचे काय झाले असते, ते सांगायला नको. पण पुढची हकिकत अशी : नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक, यथावकाश पदव्या, पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक आणि अखेरीस त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. साहित्यसमीक्षा, भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, इस्लामचा इतिहास, राज्यघटना, संगीत यांपैकी बहुतेक विषय त्यांनी कोणत्याही वर्गात बसून शिकलेले नव्हते. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची प्रस्तावना लाभली, कादंबरी मिटल्यावरही ती प्रस्तावना वेगळी काढून वाचणारे वाचक महाराष्ट्रात आहेत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे भर व्यासपीठावर त्यांना मृत्यूने गाठले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही पूर्ण केलेली नव्हती.

या पृष्ठांवर कुरुंदकरांचे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. ते समाजवादी परंपरेतले, नास्तिक, आणि संघविचारांचे कठोर टीकाकार. त्यांची अनेक मते आम्हांला मान्य नाहीत. परंतु आमचे म्हणणे नेमके इथेच आहे. कुरुंदकर ज्यांच्यावर टीका करीत, त्यांचे साहित्य आधी मुळातून वाचीत. गोळवलकर गुरुजींशी असो वा सावरकरांशी, त्यांचा वाद वाचलेल्या माणसाचा वाद होता. त्यांना उत्तर द्यायचे तर तेवढेच वाचावे लागते. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पुढे ढकलून ते उत्तर देता येत नाही. आपल्या घरांतून आणि, स्पष्टच लिहायचे तर, आपल्या बैठकांतूनही गेल्या काही वर्षांत पुस्तकाची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. विरोधकाचे एकही पान न वाचता त्याचे खंडन करणारे कार्यकर्ते वाढले आहेत. याची खंत वाटणे हा काही विचारद्रोह नव्हे.

कुरुंदकर एकटेच नव्हते. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी. आदिलाबाद भागात नेमणूक झाली तेव्हा दौरे आणि फायली सांभाळून ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे लिहून मोकळे झाले. पुढे ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ मराठीत आणून शिवकालानंतरच्या संघर्षाची फारसी साधने त्यांनी सामान्य वाचकापुढे ठेवली. त्यांची कचेरी दहा वाजता उघडत असे आणि आपल्यासारखीच त्यांनाही घरसंसाराची कामे होती. वेळ मिळत नाही, ही सबब पगडींचे चरित्र वाचल्यावर तरी निदान मोठ्याने सांगू नये.

अंदमानात सावरकरांनी निरक्षर बंदिवानांना अक्षरओळख करून दिली, ग्रंथसंग्रह उभारला, हे आपण उत्सवप्रसंगी सांगतो. कोलू ओढून हात सुजलेल्या माणसांनी मुळाक्षरे गिरवली, हा त्यातला भाग मात्र सांगताना घाईने सुटतो.

आता ‘स्वयंअध्ययन’ म्हणजे नेमके काय? दिसेल ते वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्या. वाचन ही त्यांतली जेमतेम पहिली पायरी. वेदपाठशाळेत तोच मंत्र संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी उलटसुलट म्हणवून घेत, तो पाठांतराच्या हौसेखातर नव्हे. एकही स्वर ढळू नये म्हणून. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला. अक्षर कसे असावे, ओळींतले अंतर कसे राखावे, लेखण्या आणि शाई कशी असावी, इथपर्यंत ते उतरतात. राष्ट्रउभारणीचे बोलणारा महापुरुष बोरूच्या टोकाचा विचार करतो, कारण अभ्यासाची शिस्त अशा बारीकसारीक गोष्टींतच राहते.

ही शिस्त आजच्या मुलासाठी मांडायची तर ती अगदी साधी आहे. रोजची एक वेळ ठरवावी आणि ती मोडू नये. ज्यांनी वर्षानुवर्षे शाखेची वेळ पाळली त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मनाला लहर आली म्हणून कोणी शाखेत जात नाही, वेळ झाली म्हणून जातो. एका वेळी एकच पुस्तक हाती घ्यावे. प्रकरण संपले की पुस्तक मिटावे आणि काय कळले ते वहीत आपल्या शब्दांत लिहावे. मग पुन्हा उघडून ताडून पाहावे. सुटलेले आणि चुकलेले इथे उघडे पडते, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. पुढे आठवड्यातून एकदा तोच भाग दुसऱ्या कोणाला तरी समजावून सांगावा. ज्याला सांगता येत नाही, त्याला तो कळलेला नसतो. वडीलधाऱ्यांनी मुलाला ‘अभ्यास कर’ असे सांगून स्वतः दूरदर्शन संचासमोर बसू नये, हे ओघानेच आले.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. स्वतः शिकणे म्हणजे कोणालाही न विचारता शिकणे नव्हे. याचे उत्तर औंढ्याच्या देवळाइतके दुसरीकडे कुठे मिळणार? नरसीच्या नामदेवांना प्रत्यक्ष पांडुरंगाचे सख्य लाभलेले. तरी गोरोबाकाकांनी संतमंडळींत थापटणे चालवले तेव्हा हेच मडके कच्चे निघाले, अशी कथा आहे. नामदेव रुसले, पण घरी बसून राहिले नाहीत. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. स्वतःच्या साधनेने इतका पल्ला गाठलेल्या माणसालाही कच्चेपणा दाखवणारा कोणीतरी लागतो. कुरुंदकरांच्या वाट्याला मामा आले. शिरड शहापूरच्या मुलाला कोण भेटणार, हा प्रश्न त्या मुलाचा नाही. तो तुमचा-आमचा आहे.

खेड्यापाड्यांतून अलीकडे अभ्यासिका निघाल्या आहेत. तिथे पहाटेपासून तरुण बसतात, हे दृश्य पाहून समाधान वाटते. पुस्तके कोणती, हे पाहिले की ते थोडे मावळते. मार्गदर्शिका, प्रश्नसंच, चालू घडामोडींची टिपणे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे शेकडा नव्याण्णवांहून अधिक उमेदवारांच्या पदरी जागा पडणारच नव्हती. त्या तरुणांना आम्ही दोष देत नाही. नोकरीची गरज खरी आहे. परंतु चार-पाच वर्षे घोकून जे हाती राहते, त्यातून परीक्षा वजा केली तर काय उरते? नापास कुरुंदकरांपाशी शास्त्रे उरली. या तरुणांपाशी पुष्कळदा रद्दी उरते, आणि मनात सल.

साधनांचा दुष्काळ मात्र आता नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. राज्यात अनुदानित वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, जरी त्यांतल्या कित्येकांची दारे अनुदानाच्या तपासणीपुरतीच सताड उघडतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी पाया घातलेला मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ उपक्रमात नामांकित संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. लायगोचे तत्त्व ज्यावर उभे आहे ते प्रकाशलहरींचे व्यतिकरण बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. पुस्तक गावात पोहोचले आहे. ते समोर ठेवून मुलाशेजारी तासभर बसणारा मोठा माणूस तेवढा पोहोचायचा आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, छायाचित्रे निघतात. १६ ऑक्टोबरला काय होते, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

औंढा, वसमत आणि कळमनुरी या तालुक्यांत आपले शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, अभियांत्रिकी शिकून सुटीला गावी येणारे विद्यार्थी आहेत. मंदिराचा ओटा किंवा शाळेची एक खोली, विज्ञान-गणिताची वीस-पंचवीस पुस्तके, एक शब्दकोश आणि संध्याकाळचा ठरलेला एक तास, एवढ्यावर स्वाध्याय मंडळ सुरू होऊ शकते. वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. शिरड शहापुरात आज आठवीच्या वर्गात बसलेली मुलगी तोवर बारावीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे पोहोचलेली असेल. दसऱ्याला सरस्वतीपूजनात तिची पुस्तके पाटावर मांडली जातील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याबरोबर ती उघडून बसायला आपल्यापैकी कोण जाणार, हे त्या आधीच्या बैठकीत ठरवून ठेवावे.